तारीख मिळाल्यापासून काठी सुटेपर्यंत : ठरवून केलेल्या हाडांच्या ऑपरेशननंतर लवकर सावरायचं कसं

गुडघा बदललेल्या पेशंटला त्याच संध्याकाळी उभं करायला मी गेले, की घरचं कुणीतरी हमखास पलंगाच्या आड येतं. "अहो, आजच तर ऑपरेशन झालंय. आजचा दिवस राहू द्या ना, उद्या बघू." फिजिओथेरपिस्ट म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातली माया कळते आणि त्यातला घोळही कळतो. त्या संध्याकाळी माणूस दोन मिनिटं का होईना, स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर पुढचं बरंच काही सुरळीत होतं. पण तो उभा राहू शकेल का, हे काही त्या संध्याकाळी ठरत नाही. ते आधीच्या महिन्या-दीड महिन्यात ठरून गेलेलं असतं. रक्त किती होतं, सिगारेट सुटली होती का, मांडीत जोर होता का, आणि घरच्यांना हे सगळं आधी कुणी सांगितलं होतं का.

अपघातात हाड मोडलं तर तयारीला सवडच नसते. ठरवून करायच्या ऑपरेशनला मात्र तारीख असते, आणि ती तारीख नुसती वाट बघण्यात घालवणारेच जास्त. हा लेख ज्यांना अशी तारीख मिळाली आहे त्यांच्यासाठी आहे, आणि घरी त्यांचं करणाऱ्या माणसासाठी तर त्याहून जास्त. बोलणं बरंचसं गुडघा आणि खुबा बदलण्याबद्दल आहे, पण तयारीचा भाग खांद्याला, मणक्याला, लिगामेंटलाही तसाच लागू पडतो. तुमच्या सर्जननी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. आत काय केलंय ते त्यांना माहीत असतं, मला नाही.

आधी 'विश्रांती'चा हिशेब

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न लावून धरला. ऑपरेशन नीट झालेला पेशंट आजही हॉस्पिटलमध्ये का आहे? उत्तरं अगदी साधी निघाली : दुखतंय, मळमळतंय, उभं राहिलं की चक्कर येते, नळ्या लावल्यात, पोटात काही नाही. मग त्यांनी यातलं एकेक कारण वेगळं काढून त्यावर उपाय जोडत नेले. सुरुवात आतड्याच्या ऑपरेशनांपासून झाली, पुढे हीच पद्धत सांधे बदलण्याच्या ऑपरेशनांतही आली. तुमच्या हॉस्पिटलमध्ये कुणी 'ईआरएएस' किंवा 'फास्ट ट्रॅक' म्हणालं, तर ते याबद्दलच बोलत असतात. फास्ट म्हणजे पेशंटला घाईनं घरी पिटाळणं नव्हे. त्याला अडवून धरणारं एकेक कारण काढून टाकणं.

पलंगावर पडून राहण्याची किंमत किती असते? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्क माणसांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं साधारण एक किलो मांस गेलं. त्यांचं ऑपरेशनसुद्धा झालेलं नव्हतं.

गुडघ्याच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. सांधा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. स्नायू झिजतो हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे सांध्यात सूज आणि वेदना असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला हात आखडता घ्यायला लावते. पेशंट म्हणतो, "मी पाय उचलायचं ठरवतो, पण तो ऐकतच नाही." खरंच ऐकत नसतो. त्याला पुन्हा ऐकायला शिकवणं हेच सुरुवातीच्या व्यायामाचं काम.

पायरी १ : तारीख मिळाली त्याच आठवड्यात

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन बघा. ऑपरेशनपूर्वी ते १३ च्या खाली असेल तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका, कारण शोधायला सांगा. लोहाची कमतरता निघाली तर गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. वेळ कमी असेल तर शिरेतूनही लोह देता येतं. रक्त कमी असलेल्या माणसाला ऑपरेशननंतर रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तो म्हणतो, "आज नको." झालं, एक दिवस गेला.

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, तपासून घ्या. बरेच सर्जन ती ७.५ ते ८ च्या आत आल्याशिवाय सांधा बदलायला तयार होत नाहीत. राग मानू नका. वाढलेल्या साखरेत जखम रखडते आणि कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरणं फार जिकिरीचं असतं, कधीकधी सांधाच काढावा लागतो.

सिगारेट, विडी, तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद. निकोटिन जखमेकडचा रक्तपुरवठा आवळतं आणि हाड जुळायलाही उशीर लावतं. 'कमी केली' हे उत्तर सगळेच देतात. जखमेला ते कळत नाही.

दात किडलेले असतील, हिरड्या सुजल्या असतील तर ते काम आधी उरकून घ्या. लघवीला जळजळ, पायाच्या बोटांमधली भेग, नखाजवळचं पिकलेलं, अंगावरचं गळू, यातलं काहीही असेल तर लपवू नका. तारीख पुढे जाईल या भीतीनं लोक गप्प बसतात आणि नेमकं ऑपरेशनच्या टेबलाजवळ ते सर्जनच्या नजरेस पडतं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख सांगा, कारण त्यानंतर साधारण तीन महिने सांधा बदलणं टाळतात.

औषधांची यादी स्वतः एका कागदावर लिहा. 'ती पांढरी छोटी गोळी' असं नाही. पाकिटावरचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'फ्लोझिन'नं संपतं, त्या बहुतेकदा तीन-चार दिवस आधी थांबवतात. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती मात्र सहसा चालूच ठेवतात. म्हणून स्वतःच्या मनानं काहीही बंद करू नका आणि काहीही चालू ठेवू नका. यादी भूलतज्ज्ञांपुढे ठेवा. त्यात काढे, चूर्ण, 'शक्तीच्या' गोळ्याही लिहा. 'ते काय औषध थोडंच आहे' म्हणून लोक नेमकं तेच सोडतात.

पायरी २ : मांडीत आणि दंडात जोर

ऑपरेशनआधी व्यायाम करून दुखणं जाणार नाही, हे मान्य. पण ताकद निम्म्यावर येणारच असेल, तर ती जास्तीची असताना निम्मी झालेली बरी.

सध्या तुम्ही कुठे आहात ते घरच्या घरी बघता येतं. हात नसलेली एक साधी, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. आकडा लिहून ठेवा, आठवड्यानं पुन्हा मोजा. एकदाही हात न टेकता उठता येत नसेल तर तेही लिहा, आणि आधी उंच खुर्चीवरून सुरू करा.

दुसरा व्यायाम टॉवेलचा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याची मागची बाजू त्या गुंडाळीवर दाबा. मांडी घट्ट होते, गुडघ्याची वाटी किंचित वर सरकते. पाच आकडे मोजून सोडा. दिसायला अगदीच पोरकट वाटतो. पण ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी मी हाच करायला सांगते, आणि ज्यांनी तो आधी शिकून घेतलेला असतो त्यांच्या मांडीला तो आठवतो. बाकीच्यांना मांडी घट्ट करायची म्हणजे नक्की काय करायचं हेच कळत नाही. ते पोट आवळतात, श्वास रोखतात, जबडा आवळतात, मांडी तशीच मऊ.

दंडांना विसरू नका. वॉकरवर भार घ्यायचा म्हणजे खांदे आणि हात हवेत. हात असलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी स्वतःला थोडं वर उचलायचं, एवढं पुरे. आणि वॉकर आधीच आणून घरात चालून बघा. दुखत असताना नवीन वस्तू शिकणं फार वैतागाचं असतं.

पायरी ३ : घर

एका पेशंटच्या घरी सगळं सज्ज होतं : उंच पलंग, नवीन वॉकर, न्हाणीघरात धरायला दांडा. घरी आल्यावर पहिल्याच रात्री कळलं की वॉकर न्हाणीघराच्या दारातून आतच जात नाही. दोन बोटं कमी पडत होती. मग मुलगा पुढून आणि सून मागून, असं त्यांना धरून आत नेलं आणि तिघंही पडता पडता वाचले. तेव्हापासून मी सगळ्यांना पहिलं एकच विचारते, दार मोजलंत का?

दार मोजा. मग सुटी पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी उचला. रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड राहील असा दिवा लावा, कारण पडण्याचे प्रसंग तिथेच घडतात. बसायची खुर्ची हात असलेली, टणक आणि एवढी उंच हवी की बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहील. खोल, मऊ सोफ्यात बसलेल्या माणसाला काढायला दोघं लागतात. कमोड बुटका असेल तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. वॉकरला एक कापडी पिशवी अडकवा, म्हणजे फोन आणि पाण्याची बाटली न्यायला हात मोकळे राहतील. चपला नकोत, मागून बंद असलेलं, न घसरणारं पादत्राण हवं.

आणि पहिले काही दिवस घरात कोण असणार हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे आहोतच की' याचा अर्थ बरेचदा दुपारी कुणीच नाही असा निघतो.

पायरी ४ : आदली रात्र आणि ती सकाळ

'मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही' हा जुना नियम आता बहुतेक ठिकाणी मागे पडलाय. साधारणपणे हलकं खाणं भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा तसंच गाळरहित पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध घातलेलं पेय यात मोडत नाही. पण मधुमेह, किडनीचा विकार, पोट उशिरा रिकामं होण्याचा त्रास असेल किंवा वजन कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर नियम बदलतो. म्हणून 'मी शेवटचं पाणी किती वाजता प्यायचं?' हे आकड्यात विचारून घ्या. आठ-दहा तास कोरडा राहिलेला माणूस संध्याकाळी उभं करताना गळपटतो, ते मी बघते.

ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडनं काढू नका. बारीक बारीक कापलं जातं आणि जंतूंना वाट मिळते. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरनं काढतील. सांगितलेल्या साबणानं अंघोळ करा. चष्मा, श्रवणयंत्र, दातांची कवळी डबीसकट न्या. वयस्क माणसं ऑपरेशननंतर रात्री गोंधळतात, भलतंच बोलायला लागतात, आणि घरचे घाबरतात. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही तो जास्त गोंधळतो. म्हणून शुद्धीवर आल्या आल्या चष्मा डोळ्यांवर चढवायचा.

पायरी ५ : ती संध्याकाळ

टेबलावर काय होतं हे तुमच्या हातात नाही, त्यामुळे थोडक्यात : चीर देण्याआधी तासाभराच्या आत प्रतिजैविक देतात, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून बहुतेकदा ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतात, भूल बरेचदा कमरेतून असते आणि सोबत पायाच्या नसेचा ब्लॉक, म्हणजे ती नस काही तास बधिर करणारं इंजेक्शन, किंवा सांध्याभोवती बधिर करणारं औषध. आपल्याला यातलं काय दिलंय, ते विचारून ठेवा. ब्लॉक असेल तर पाय काही तास परका वाटतो. एका आजींनी चादर बाजूला सारून स्वतःच्या पावलाकडे बघत मला विचारलं होतं, "हा माझाच ना गं?" अशा पायावर एकट्यानं उतरायचं नाही, कितीही बरं वाटत असलं तरी.

उभं राहणं कसं असतं ते सांगते. आधी पलंगाचं डोकं वर करून थोडा वेळ बसायचं. घोटे वरखाली. मग पाय कडेला सोडून बसायचं, दोन-तीन मिनिटं, बोलत बोलत. मी या वेळी चेहऱ्याचा रंग बघत असते. ओठ पांढरे पडले किंवा जांभया यायला लागल्या तर परत आडवं. सगळं ठीक असेल तर एक हात पलंगावर, दुसरा वॉकरवर, आणि रेटा पलंगावरच्या हातानं. दोन्ही हातांनी वॉकर ओढून उठायला गेलं की वॉकर अंगावर येतो. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे. उठलात की नजर समोर. खाली बघितलं की तोल खालीच जातो. वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिल्या दिवशी चार पावलं आणि खुर्चीत बसणं झालं तरी मी खूश असते. लघवीची नळी, सलाईन, ड्रेनची नळी यांची गरज संपली का, हे रोज विचारा. माणूस पलंगाला बांधला जातो तो बरेचदा या नळ्यांनीच.

सगळ्याच ऑपरेशनांत लगेच भार द्यायचा नसतो. काही हाड कापून जुळवण्याच्या किंवा कूर्चेच्या ऑपरेशनांत पाय आठवडे टेकवायचा नसतो. 'किती भार?' याचं उत्तर सर्जनकडून लिहून घ्या.

पायरी ६ : दुखण्याला घड्याळ लावा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला : 'सहन होतंय तोवर गोळी नको.' हे शौर्य महागात पडतं. दुखणं वाढून बसल्यावर घेतलेली गोळी त्याच्या मागे धावत राहते. पहिले काही दिवस गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यायच्या, दुखो न दुखो. सहसा पॅरासिटामॉल हा पाया असतो. पोट, किडनी आणि हृदय धड असेल तर सूज उतरवणारी गोळी त्याच्या जोडीला. आणि अफूवर्गातली जोरदार गोळी फक्त या दोघांना दाद न देणाऱ्या दुखण्यासाठी, थोडेच दिवस. वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन औषधं थोडी थोडी घेतली तर एकाचाच मोठा डोस टाळता येतो. प्रौढ माणसात सगळं मिळून पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा त्याहून खाली. सर्दीच्या गोळ्यांतही तेच औषध लपलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा : गोळी घेतली की झोपायचं. उलट आहे. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्या आणि तिचा जोर असताना गुडघा हलवून घ्या. माझ्या लेखी गोळीची खरी किंमत तीच.

तिसरा मात्र कुणी आधी सांगत नाही. पहिल्या दिवसापेक्षा दुसरा-तिसरा दिवस जास्त दुखतो. पहिल्या दिवशी ब्लॉक आणि सांध्याभोवतीचं औषध काम करत असतं. ते उतरतं, सूज चढते, आणि पेशंटला वाटतं काहीतरी बिघडलं. 'काल चाललो की मी!' बहुतेकदा काही बिघडलेलं नसतं. ब्लॉक उतरायच्या आधीच ठरलेली गोळी पोटात गेलेली हवी.

बर्फाचा शेक कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर. चामडीला बर्फ थेट लावायचा नाही, बधिर भागावर तर नाहीच. जोरदार गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून पाणी, तंतुमय खाणं आणि सारक औषध पहिल्या दिवसापासून. चार दिवस पोट साफ न झालेला माणूस व्यायामाला कुठून तयार होणार?

खाण्याचं एकच सांगते : प्रथिनं. जखम भरायला आणि मांडी परत मिळवायला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. किडनीचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑपरेशननंतर भूक मेलेली असते. थोडं थोडं, पण वरचेवर द्या.

पायरी ७ : घरचे पहिले दोन आठवडे

घरी आल्यावर चूक दोन टोकांची होते. एक तर माणूस पलंग धरतो, नाहीतर उत्साहात पहिल्याच दिवशी तासभर चालतो आणि संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा फुगवून बसतो. तासा-दोन तासांनी पाच मिनिटं चालणं हे सलग अर्ध्या तासापेक्षा चांगलं. रात्री सूज आणि दुखणं आदल्या दिवसापेक्षा बरंच वाढलं तर दुसऱ्या दिवशी चालणं थोडं कमी करा. बंद करू नका.

गुडघ्याच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. वाकणं सगळे मोजतात, 'नव्वद झाला का, शंभर झाला का'. पण पाय पूर्ण सरळ होणं जास्त महत्त्वाचं. गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर माणूस कायम लंगडतो. म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही. बरं वाटतं, मान्य आहे, म्हणूनच ती धोक्याची. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली, गुडघा अधांतरी राहील अशी. वाकण्याचं म्हणाल तर दोन-तीन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास पोचायला हवं. दोन महिने झाले आणि तिथेच अडलंय, असं असेल तर थांबू नका, सर्जनना दाखवा. उशीर झाला की आतला चिकटा घट्ट होतो.

खुब्याचा सांधा मागच्या बाजूनं जाऊन बदलला असेल तर साधारण पहिले सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात : खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, आणि पाऊल आत वळवणं. पुढून केलेल्या ऑपरेशनचे नियम वेगळे असतात. सगळ्यात जास्त घात होतो तो खाली पडलेली वस्तू उचलताना. लांब दांड्याचा चिमटा घ्या.

जिना : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मदतनीस नेहमी खालच्या बाजूला.

रक्ताच्या गुठळीची भीती खरी आहे. रक्त पातळ करणारं औषध खुब्यानंतर बहुधा चार-पाच आठवडे आणि गुडघ्यानंतर दोन आठवड्यांच्या आसपास देतात. 'आता चालतोय की' म्हणून मध्येच सोडू नका. दर तासाला जागेपणी घोटे वीस-तीस वेळा जोरात वरखाली करा; पोटरी हाच तिथला पंप आहे.

जखम कोरडी ठेवा, टाके बहुधा १० ते १४ दिवसांत काढतात. कुणीही सांगितलेलं तेल, लेप, हळद काही लावायचं नाही. आणि हे ठळक लिहून ठेवा : जखम पाझरू लागली तर जवळच्या दवाखान्यातून परस्पर प्रतिजैविक सुरू करू नका. आधी सर्जनना दाखवा. सांध्यातलं पाणी तपासण्याआधी औषध पोटात गेलं तर जंतू तपासणीत सापडत नाहीत, आणि आत मात्र ते बसून राहतात.

लगेच फोन करायचा किंवा निघायचं, ते यासाठी :
- अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यात रक्त. यात फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, थेट तातडीच्या विभागात.
- पोटरी दुखते, टणक लागते, आणि पाय रात्रभर उंच ठेवूनही सूज उतरत नाही.
- जखमेतून पाझर, पू, पसरत जाणारी लाली, किंवा सुरुवातीचे दोन-तीन दिवस उलटल्यावर ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप.
- खुब्यात एकदम कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं.
- पाऊल वर उचलता न येणं, बोटं थंड किंवा निळी पडणं.

खांद्याचे स्नायू शिवले असतील तर हिशेब उलटा. तिथे साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा आणि घाई करायची नाही. पण बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवायचं, कोपर कधीपासून ते विचारून. गुडघ्याचं पुढचं लिगामेंट बसवलं असेल तर दोन-तीन महिन्यांत पाय बरा वाटतो. खेळात परतायला मात्र किमान नऊ महिने धरा. मधल्या काळातच लोक पुन्हा फाडून घेतात.

पायरी ८ : दोन आठवड्यांनंतर

या टप्प्यावर दोन गोष्टींनी माणूस खचतो : झोप लागत नाही आणि शेजारचा आपल्याहून लवकर बरा झालेला असतो. पहिली बहुतेकांना होते, काही आठवड्यांत सुटते. दिवसा लांब डुलक्या टाळा. दुसऱ्यावर उपाय म्हणजे शेजाऱ्याशी गुडघे जुळवायचे नाहीत. स्वतःच्याच वहीत लिहा : आज किती चाललो, गुडघा किती वाकला, रात्री किती गोळ्या लागल्या. दहा दिवसांपूर्वीचं पान वाचलं की फरक दिसतो.

गुडघा काही महिने हाताला गरम लागतो, सूज तीन ते सहा महिने येते-जाते, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर चकती राहते, चालताना आत टक्टक् होते. हे सगळं चालतं. गुडघा बदललेल्यांपैकी पाचातला एखादा वर्षानंतरही पूर्ण समाधानी नसतो, हेही खरं. त्यातले काही जण 'गुडघा विशीतल्यासारखा होईल' असं धरून आलेले असतात. म्हणून ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा, 'मला नेमकं काय जमेल आणि काय नाही?' उत्तर घरच्यांसमोर ऐका.

गाडी चालवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तेही जोरदार गोळ्या बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पाय कचरत नसेल तरच. बसून करायचं काम बरेच जण दीड महिन्यात सुरू करतात, वजन उचलण्याचं तीन महिन्यांच्या पुढे.

आता काठी. वॉकरवरून काठीवर आलात की ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण नेमकी उलट धरतात, कारण दुखऱ्या बाजूला आधार द्यावासा वाटतो. विरुद्ध हातात धरली की चालताना काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे येतात आणि भार दोघांत वाटला जातो. उंचीसाठी हात सैल सोडून उभे राहा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी.

ती सोडायची कधी? तारखेवर नको. घरातल्या कुणाला तरी तुमचं काठीशिवाय दहा पावलं चालणं मागून फोनवर चित्रित करायला सांगा आणि आवाज बंद करून बघा. खांदा एका बाजूला झुकत असेल, ऑपरेशनच्या पायावर तुम्ही कमी वेळ थांबत असाल, तर काठी हातात परत घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा चित्रण करा. एका काकांनी असे चार व्हिडिओ केले. चौथ्यात त्यांच्या बायकोनं मध्येच थांबवून विचारलं होतं, "नक्की कुठल्या पायाचं झालंय हो?" काठी दाराआड गेली ती त्या दिवशी.